साडूंच्या गावातून कुणी जात नाही

गावाचा आराखडा आखून तो शंभर टक्के अमलात आणणारा माणूस सोलापुरात आजवर एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे थोरले साडू. रस्ते रुंद, नदी स्वच्छ, दर दहा पावलांवर सावली, अतिक्रमण नावाला नाही, आणि नागरिक इतके समाधानी की भेटेल तो हात हलवून हसतो. अडचण एवढीच, की हे गाव जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्राच्या पडद्यावर आहे आणि नागरिकांमध्ये बदकं, अस्वलं, एक बेडूक आणि एक बकरी आहे. साडूंच्या मते हा तपशील गौण आहे. मी एकदा हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "माणसं असती तर एवढं ऐकली असती का हो साडूभाऊ?" यावर मी लगेच मान डोलावली, कारण मीही जुळे सोलापुरात एका सोसायटीचा सेक्रेटरी राहिलेला माणूस आहे.

साडूंचं शुक्रवार पेठेत चादरी-टॉवेलांचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वरच घर. साठी उलटेपर्यंत त्यांना करमणूक म्हणून एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे दुकानासमोर गाडी लावणाऱ्याशी भांडणं. मोठा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि बघता बघता पुण्याचाच झाला. तो फोनवर "अप्पा, तुमचं जेवण झालं आहे का?" असं एकेक शब्द सुटा करून विचारायला लागला, तेव्हा साडूंचं दोन दिवस जेवणावरचं लक्ष उडालं होतं. घरात राहिली धाकटी पल्लवी. ती इंजिनिअर झाली, घरी बसूनच एका कंपनीचं काम करायला लागली आणि पहिल्या पगारात तिनं आईला इरकल साडी, बापाला घड्याळ आणि स्वतःला हे गेमचं यंत्र घेतलं. साडूंनी घड्याळ कपाटात ठेवलं आणि यंत्राला महिनाभर शिव्या दिल्या. मग एकदा पल्लवी तापानं आडवी झाली आणि पांघरुणातूनच म्हणाली, "अप्पा, माझ्या फुलांना तेवढं पाणी घाला की, लई दिवस झालं." साडू निमूट गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालून आले. तिनं हसत यंत्र हातात दिलं, "ती न्हाई हो, ही." तेव्हापासून साडू जे पाणी घालायला बसले ते बसलेच. पोरीचा ताप उतरला, पण यंत्र तिला परत मिळालं नाही.

ज्यांना हा गेम ठाऊक नाही त्यांना सांगतो. एक ओसाड बेट मिळतं. त्यावर आपण रस्ते आखायचे, नदी वळवायची, टेकड्या उचलायच्या, झाडं लावायची. गाव जमत गेलं की कपडे घातलेले, दोन पायांवर चालणारे प्राणी राहायला येतात. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, आणि गेम संपतही नाही. म्हणजे दुकानदारीच म्हणायची, फक्त उधारी नाही.

खरा त्रास गावाचा नव्हता, सल्ल्याचा होता. सहा महिन्यांत साडूंना या शास्त्रात इतकी गती आली, की "नव्या माणसानं काय करायचं म्हायतीय का?" या वाक्यानं त्यांचं कुठलंही बोलणं सुरू व्हायला लागलं. समोरच्यानं गेमचं नावही ऐकलेलं नसलं तरी त्याची त्यातून सुटका नव्हती. एक बाई टॉवेल घ्यायला आल्या होत्या. त्यांना साडूंनी नदी कधीही सरळ काढू नये, दोन ठिकाणी तरी वळवावी, म्हणजे गाव मोठं दिसतं, हे पटवून दिलं. बाईंना ते पटलंही. फक्त टॉवेल न घेताच त्या गेल्या. भाचीच्या लग्नात मांडवातल्या पंगतीला नवऱ्याच्या काकांशेजारी हे बसले आणि खिरीपासून भातापर्यंत त्यांना पूल कुठं बांधावा ते सांगत राहिले. काका बिचारे जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना आधी वाटलं की एवढ्या वर्षांनी कुणीतरी आपल्या विषयावर बोलतंय. पुलावरून बेडूक छत्री घेऊन जातो हे ऐकल्यावर त्यांनी ताक मागवलं आणि तोंड फिरवलं.

साडूंचा पहिला नियम असा, की घरं नंतर, दुकान नंतर, आधी काठ्या कुठून जाणार ते ठरवायचं. आमच्या संक्रांतीच्या यात्रेत उंचच उंच नंदीध्वज निघतात, त्यांना आम्ही काठ्या म्हणतो. त्या जायच्या तर रस्ता रुंद हवा आणि डोक्यावर फांदी, वायर, कमान काही नको. एवढ्यासाठी साडूंच्या बेटावरचा मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा आहे. त्यांचं बघून पुण्याच्या मुलानंही हाच गेम घेतला आणि एकदा व्हिडिओ कॉलवर आपलं गाव कौतुकानं दाखवलं. रस्त्यावर गुलाबाची कमान होती. साडू किंचाळले, "आधी ती कमान काढ! काठी अडकंल!"

"अप्पा, इथं कुठली काठी? इथं अस्वलं राहतात," मुलगा म्हणाला.

"अस्वलं राहत्यात म्हणून गावाला देव नसतोय व्हय रे?" साडू म्हणाले. मुलानं कमान काढली. पुण्यात राहिला म्हणून काय झालं, बापाचा आवाज ओळखतो तो.

दुसरा नियम पाण्याचा. त्या बेटावर नदी आहे, दोन तळी आहेत, धबधबा आहे, आणि बारमाही वाहतं. पण साडू फुलांना पाणी घालतात ते आमच्या नळाला पाणी येतं त्याच दिवशी. मधल्या दिवशी मी गेलो आणि म्हटलं, अण्णा, फुलं कोरडी दिसतात, तर म्हणाले, "आज कुटलं पाणी? परवा हाय आपला दिवस." त्यांनी प्रत्येक प्राण्याच्या घरामागं पाण्याची टाकी ठेवली आहे. धबधब्याशेजारी राहणाऱ्या बदकाच्या घरामागंही ठेवली आहे. मी म्हटलं, हे बदक आहे, धबधब्यात राहतं. तर म्हणे, "आज हाय, उद्या नसलं मग?" सोलापुरातल्या माणसाला पाण्याविषयी खात्री देऊन बघा एकदा. प्रत्यक्ष गंगा अंगणात आली तरी तो आधी हंडे भरून घेईल.

तिसरा नियम सावलीचा. कडुलिंबाशिवाय बाकडं नाही. त्या गेममधलं ऊन कुणाला लागत नाही, हे पल्लवीनं त्यांना अनेकदा समजावलं. त्यावर साडू दर वेळी तिला मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर बसून दाखवायला सांगत. आणि सगळ्यात मोठा नियम, जो ते आवाज खाली आणून सांगत, तो असा, की गावात आलेल्याला जाऊ द्यायचं नाही. कारण या गेममध्ये अशी भानगड आहे, की एखादा प्राणी मधूनच कंटाळतो. त्याच्या डोक्यावर एक ढग दिसतो, आणि आपण जवळ गेलो की तो विचारतो, आता दुसरीकडे राहायला जावं म्हणतो, जाऊ का? आपण थांब म्हटलं की तो खुशाल थांबतो. साडूंनी अस्वलाला थांबवलं. बेडकाला थांबवलं. एक बदक तर इतक्या वेळा थांबवलं, की माझ्या मते ते आता लाजेखातर राहतंय. "आपल्या गावातनं अजून एक जण गेला न्हाय," हे साडू ज्या अभिमानानं सांगत, त्या अभिमानानं लोक मुलांचे टक्केसुद्धा सांगत नाहीत.

आणि अशा माणसाच्या घरात पल्लवीला बेंगलोरचं बोलावणं आलं. कंपनीनं मोठी जागा देऊ केली, पण तिथं येऊन राहायला हवं होतं. सोमवारपर्यंत कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी. पोरगी मिळवती, शहाणी. तिनं तिकीट काढलं असतं तर कुणी तिचा हात धरणार नव्हतं. पण ती बापासमोर उभी राहून म्हणाली, "अप्पा, जाऊ का? तुमी म्हणाल तसं." साडू म्हणाले, "बघू की." आणि बेटाच्या उत्तरेला नवी टेकडी उभारायला घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तर टेकडीला पायऱ्या काढत होते. तिसऱ्या दिवशी पायऱ्या चुकल्या म्हणून टेकडी पाडत होते. शेवटी माझ्या मेव्हणीचा, म्हणजे अक्काचा, मला फोन आला. "भाऊजी, तुमीच या आता. हो म्हणा न्हायतर न्हाई म्हणा, पण त्यांच्या तोंडातनं एक शब्द काढा. पोर जेवना झालीय."

रविवारी सकाळी मी गेलो. साडू खिडकीशी बसले होते, यंत्र हातात. अक्कानं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं ठेवलं. मी एक घास घेतला आणि सरळ विषयाला हात घातला, "अण्णा, पल्लवीचं काय ठरलं?"

"ठरतंय की. आधी हे बघा. नव्या माणसाची चूक कुटं होती म्हायतीय का? तो कुंपण आधी घालतो."

"अण्णा, उद्या सोमवार आहे."

"व्हय की. कुंपण शेवटी. आधी कोण कुठनं चालतंय ते बघायचं."

मी अधिकाराच्या जागा भूषवलेला माणूस आहे. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीवर मी सदतीस सभासदांना गप्प केलं आहे. पण साडूंपुढे माझे सगळे ठराव बारगळले. भाकरी संपली तरी मला फक्त कुंपणाची माहिती मिळाली होती. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की साडू गावात सरळ चालतच नाहीत. नदीच्या कडेनं, झाडांच्या मागून, असे लपतछपत फिरतायत. नीट बघितलं तर रस्त्याच्या मधोमध बकरी उभी, आणि तिच्या डोक्यावर ढग.

"ती बकरी काहीतरी विचारतेय," मी म्हटलं.

"चार दिवस झालं इचारतीया. जवळच जायचं न्हाय."

आणि एवढ्यात घोटाळा झाला. माझ्याकडे बघून बोलण्याच्या नादात गेममधला त्यांचा माणूस पुलावर चढला, आणि समोरून बकरी आली. पडद्यावर अक्षरं उमटली. इथं खूप छान दिवस गेले, आता बाहेरचं जग बघावंसं वाटतं, जाऊ का? खाली दोन उत्तरं, थांब आणि जा. साडूंचा अंगठा बटणावर जाऊन तसाच थांबला. एरवी हा माणूस 'थांब' दाबायला पापणी लवू देत नाही.

पल्लवी दारात उभी होती, आमच्या दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "अप्पा, तिला तरी उत्तर द्या की."

मला वाटलं, आता साडू भडकणार. पण ते पडद्याकडे बघत राहिले आणि मग गेम करणाऱ्यावरच उखडले. "ह्या लोकांना काय रीतभात? थांब म्हणा न्हायतर जा म्हणा! आपल्यात कोण कुणाला तोंडावर 'जा' म्हणतंय का?"

"मग आपल्यात काय म्हणतात?" पल्लवीनं विचारलं.

साडूंनी यंत्र मांडीवर ठेवलं. दुकानात ते मराठी बोलतात, गिऱ्हाईक बघून हिंदी बोलतात, पण आईशी जी बोलायचे ती कानडी आता त्यांच्या तोंडून क्वचित निघते. पोरीकडे न बघता ते म्हणाले, "होगि बा, मगळे." जाऊन ये, बाळा.

पल्लवीला रडू फुटलं, ती धावत आत गेली, आतून अक्काचंही रडणं ऐकू आलं, आणि साडू खेकसले, "रडायला काय झालं? बेंगलोर हाय की, लंका न्हाय!" आणि त्यांचा स्वतःचा आवाज फाटला. मी चटणीचं निमित्त करून खोकलो. खरं सांगतो, त्या माणसाची इतकी टिंगल मी आयुष्यभर केली, पण त्या क्षणी उठून त्याच्या पाया पडावंसं वाटलं. थोरले आहेत, पडलो असतो तरी चाललं असतं. मग त्यांनी यंत्र उचललं, नाक पुसलं आणि बकरीलाही 'जा' म्हणून टाकलं. "घरच्या पोरीला सोडायचं आन् बकरीला बांधून ठिवायचं, बरं दिसतंय व्हय?"

पल्लवी यंत्र त्यांच्यापाशीच ठेवून गेली. बकरीच्या जागी दुसऱ्याच दिवशी एक डुक्कर राहायला आलं. गेमचा तो नियमच आहे, तिथली जागा रिकामी राहत नाही. साडू त्या डुकराशी सभ्यपणे वागतात, पण त्याच्याविषयी सल्ला कुणाला देत नाहीत.

परवा गेलो तर जिन्यात चादरींचे गठ्ठे, पाय ठेवायला जागा नाही. नवा माल आलेला. अक्का वैतागून म्हणाली, "अवो, पल्लवीची खोली रिकामीच हाय, तितं ठिवा की हे."

साडूंनी पडद्यावरून मान वर केली नाही. "रिकामी कुटं हाय? पोर दिवाळीला यायचीया."

दिवाळी होऊन, पोर येऊन परत गेल्याला आठवडाही झाला नव्हता. मी गठ्ठे एका अंगाला सरकवले, वाट केली आणि खाली उतरलो.