आईच्या खाटेपाशी म्हटलेली वंदना

काल साकीनाक्याला शेअर रिक्षात बसले आणि शेजारच्या बाईंच्या चंदनी अत्तराचा वास आला. माझं डोकं एकदम तापलं. घाटकोपरच्या हॉस्पिटलात, आईच्या वॉर्डात दर गुरुवारी हाच वास यायचा.

पेशंटना धीर द्यायला तिथे एक बाई यायच्या. खाटेपाशी बसून हात हातात घ्यायच्या, हळू आवाजात भजन म्हणायच्या. आईचा कॅन्सर पसरला होता, ती मनातून घाबरली होती. बाई आमच्याकडे आल्या तसा तिने आपणहून हात पुढे केला. तेवढ्यात बाईंची नजर उशाशी ठेवलेल्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली.

"तुमची माणसं येतील ना," असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. आईचा हात तसाच राहिला.

पुढच्या गुरुवारी मी आमच्या चाळीतल्या बायकांनाच घेऊन गेले. बाई दारात दिसताच आम्ही बुद्धवंदना सुरू केली. शेजारच्या खाटेवरच्या मालवणी आजीही हात जोडून उठून बसल्या. बाई दारातच ताटकळल्या. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत म्हणत होते. सिस्टरने आवाज कमी करायची खूण केली.

"आई, हळू म्हणू का गं?"

"नको. अजून मोठ्यानं म्हण. तिला ऐकू जाऊ दे."

बरीच वर्षं मला वाटायचं, राग माझा एकटीचा होता, आईला फक्त शांती हवी होती. आज तिच्या वयाची झाल्यावर कळतं, तिला त्या बाईंचं उतरलेलं तोंडही बघायचं होतं. आई जाण्याआधी ते मी तिला दाखवलं, याचं समाधान मला अजून आहे.