छातीएवढं पाणी

डॉक्टर म्हणाले, पोरीला पाण्यात चालवा. सांगायला काय जातं! पोलिओची पोर नाशिकरोडहून रोज गोदावरीवर न्यायची कशी, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मग तिच्या बापानं, यादवनं, परसात हौद करायचं मनावर घेतलं. घरमालकानं बजावलं, खणायचं नाही आणि बांधायचं नाही. तेव्हा जमिनीवर उभा राहील असाच हौद हवा होता. चौकोनी की गोल, यावर गल्लीतल्या प्रत्येकानं अक्कल पाजळून घेतली. यादव कारखान्यात फिटर. चौकोनाचे कोपरे फुगतात म्हणून त्यानं लोखंडी गोल सांगाडा जोडला आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून आतली जाड ताडपत्री शिवून घेतली. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात हौद उभा राहिला, यादव पुन्हा ड्युटीला लागला आणि बाकी सगळं त्याच्या बायकोवर, कुसाबाईवर आलं.

तिथून तिची फरफट सुरू झाली. नळ पहाटे तासभर यायचा, तेवढ्यात हंडे वाहायचे. तुरटी फिरवायची, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, पाला काढायचा. तरी पाणी हिरवं व्हायचं, ताडपत्री बुळबुळीत व्हायची. मग खालच्या नळीचं बूच काढून पाणी सोडायचं, हौद घासायचा आणि पुन्हा दोन-तीन दिवस भरत राहायचं. कंबरेची वाट लागली. पण छातीएवढ्या पाण्यात काठ धरून आठ वर्षांची विशाखा चालायची! बघायला आलेल्या बायांना कुसाबाई सांगायची, "चालती माझी पोर."

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. दर महिन्याला पाणी थोडं कमी करायचं, म्हणजे पायांवर भार येईल. पण पाणी कमरेखाली गेलं की विशाखाचे गुडघे मुडपायचे, ती मटकन बसायची, नाकातोंडात पाणी जायचं. कुसाबाईला ते बघवत नसे. यादवची पाठ फिरली की ती पुन्हा हंडे ओतायची आणि डॉक्टरांना सांगायची, "कमी केलंय, सायेब." हे शहाणपणाचं नव्हतं, हे कुणीही सांगेल. पण पोटची पोर रोज पडताना ज्यानं पाहिली असेल, त्यानंच तिला बोल लावावा.

अशी तीन वर्षं गेली. एका सकाळी ती हंडा घेऊन आली, तर विशाखा हौदात काठ धरून उभी.

"आई, ओतू नको. सगळं पाणी काढून टाक."

"का गं? गार लागतं का?"

"इथं किती चालले तरी मी इथंच आहे. मला कुबड्या आणा. माझी मी शाळेत जाईन."

"एवढी मर मर मरते मी, ती काय तुला कुबड्या द्यायला?" कुसाबाई ओरडली. विशाखा तिच्याकडं नुसती बघत राहिली. त्या नजरेपुढं कुसाबाईचा आवाज बसला. तिनं पोरीला उचलून बाहेर घेतलं आणि खालच्या नळीचं बूच काढलं. पाणी गटाराला लागलं. तिला रडू फुटलं, आणि रडतानाच सुटल्यासारखंही वाटलं. त्याची तिला फार लाज वाटली.

ओल्या पोरीला टॉवेलात गुंडाळून ती पायरीवर बसली.

"आई, दमलीस ना गं?"

तीन वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"लय दमले गं बाई," कुसाबाई म्हणाली आणि तिनं पोरीच्याच खांद्यावर डोकं टेकलं.