‘जोड’ सोपी करणाऱ्या अक्का

प्रयोगशाळेत कुणी चुकलं, की अक्का आधी संगणकावर रागवायच्या. “याला नीट विचारता येत नाही, पोरांनी काय करायचं?” नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्यातल्या एका तंत्रनिकेतनात मी नवखा अधिव्याख्याता होतो आणि अक्का प्रयोगशाळा सहायक. सासर नशिराबादचं, शिक्षण बारावी. कुणी अडलं की त्या शेजारी स्टूल ओढायच्या आणि त्यानं नेमकं काय टाइप केलं ते वहीत उतरवून घ्यायच्या.

मुलांनी लिहिलेल्या मूळ प्रोग्रॅमपासून चालणारी नवी फाईल बनवायला मी ‘जोड’ नावाची आज्ञा लिहिली होती. माझा तिच्यावर फार जीव. तिच्यापुढे आधी नव्या फाईलचं नाव द्यायचं, मग मूळ प्रोग्रॅमचं. क्रम उलटला तर ती मुकाट्यानं मूळ प्रोग्रॅमच पुसून टाकी. हे बजावणारी चार पानं मी भिंतीवर लावली होती. “सर, पानं कशाला वाढवता? आज्ञाच सुधारा ना,” अक्का म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पिंपळनेरच्या एका मुलीचा महिनाभराचा प्रोग्रॅम असाच गेला. “भिंतीवर लिहिलंय ना?” मी म्हणालो. तिला रडू फुटलं. तिच्या पाठीवर हात ठेवून अक्का अहिराणीत म्हणाल्या, “रडू नको व पोरी, तुनी चूक नही शे.” मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही बसा. भिंतीकडे न बघता चालवून दाखवा.”

सगळा वर्ग बघत होता. मी झोकात टाइप केलं आणि माझीच फाईल पुसली गेली. “चूक माझी आहे,” एवढंच तोंडून निघालं.

कुणी हसायच्या आत अक्कांनी कपाटातून त्या मुलीच्या प्रोग्रॅमची आठवड्यापूर्वी छापून जपून ठेवलेली प्रत काढली. अक्का एकेक ओळ वाचत गेल्या, ती मुलगी टाइप करत गेली. संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम उभा राहिला. मग अक्का माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्या सांगण्यावरून ‘जोड’ रोमन अक्षरांत, पण मराठीत विचारू लागली: “कोणता प्रोग्रॅम?” “नवं नाव काय देऊ?” आणि नाव आधीचंच निघालं, तर “या नावाची फाईल आधीच आहे. पुसू का?”

“आणि घाबरून कुणी नुसतंच एंटर दाबलं तर?” अक्कांनी विचारलं.

ते मला सुचलंच नव्हतं. “तर नाही पुसायची,” मी म्हणालो.

पुढे त्यांची बदली जळगावला झाली. काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं, तेव्हा मी नशिराबादला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. त्यांच्या यजमानांनी माझं नाव ऐकलं आणि हात धरून बसवलं. “तुम्हीच का ते सर? घरी आल्यागेल्याला सांगायची, आमच्या सरांनी भर वर्गात चूक कबूल केली.”

त्या दिवसाची मला इतकी वर्षं लाज वाटत आली होती. अक्का तो दिवस माझं कौतुक म्हणून सांगत होत्या.