टाकीवाल्यांच्या गच्चीवरचं ऊन

टाकीवाले रस्त्याने चालताना माणसांकडे कमी आणि गच्च्यांकडे जास्त बघत. पाणी तापवणारे सोलर बसवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे खरं नाव मागे पडलं आणि हेच चिकटलं. कुणाच्या छपरावर टाकी तिरकी दिसली की ते सरळ बेल वाजवून घरमालकाला झापत. समोरचा माणूस आधी चिडे, मग चहाला बसवी. कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा त्यांचा बाणा.

स्वतःच्या गच्चीवरची टाकी तर त्यांची लाडकी लेकच. तिची काच बदलून झाली होती, नळ्या बदलून झाल्या होत्या, आतलं भांडंही बदललं होतं, तरी त्यांच्या लेखी ती लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बसवलेलीच टाकी होती. रोज सकाळी ते पालथा हात नळीला लावत आणि खाली हाक मारत, "अगं, तापलंय बरं का." बायको शिवणयंत्रावरून न उठताच म्हणे, "कळलं, साऱ्या गल्लीला कळलं."

मग बायकोच्या फुफ्फुसांनी दगा दिला. शिवणयंत्र झाकून ठेवलं गेलं आणि त्या जागी दुसरं यंत्र आलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं. त्याची लांब नळी नाकाला लावून ती घरभर फिरे. यंत्र दिवसरात्र घरघरत असे आणि ते चाले विजेवर. मुलगी एका कचेरीत नोकरीला होती. तिने एका रात्री जेवताना विषय काढला.

"बाबा, आपण विजेची सोलर पॅनल बसवू. वीज गेली तर आईचं काय?"

"वीज जातेच कुठे आपल्याकडे?"

"मागच्या उन्हाळ्यात गेली नव्हती?"

"पाच मिनिटं गेली असेल."

भांडण खरं तर जागेचं होतं. शेजारच्याने मजले चढवल्यापासून गच्चीवर उन्हाचा एकच तुकडा उरला होता, आणि त्या तुकड्यावर टाकी बसलेली. टाकी किंवा पॅनल, दोन्ही मावणार नव्हतं. टाकीवाल्यांनी पुढचे कितीतरी दिवस एकच पालुपद लावलं: वीज जातच नाही, मग पॅनल कशाला? भाजीवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, शेजाऱ्याला थांबवून सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की त्यांना स्वतःलाच ते पटून गेलं. शेवटी एका पहाटे बायकोला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना तेव्हा मुलगी बापाकडे नुसती बघत राहिली. टाकीवाल्यांनी हात टेकले. म्हणाले, "बोलाव तुझ्या त्या पॅनलवाल्याला."

पॅनलवाला आला त्या दिवशी मुलगी कामावर होती. त्याची माणसं दोर बांधून टाकी खाली उतरवत होती आणि टाकीवाले कठड्याला धरून "सावकाश, अरे सावकाश" म्हणत होते. कुणीतरी अंगावरचं कातडं सोलतंय असं त्यांना वाटत होतं. नेमका त्याच वेळी पॅनलवाला शेजारी येऊन उभा राहिला. सरळ, नीट बोलणारा माणूस होता.

"काका, एक विचारायचं होतं. बाहेरची वीज गेली की ही पॅनलही बंद पडतात, कितीही ऊन असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशी सोय असते. वीज गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर बॅटरी आणि वेगळ्या जातीचं यंत्र घ्यावं लागतं. घरात तशी काही गरज आहे का?"

टाकी अधांतरी हेलकावे खात होती. टाकीवाल्यांनी मान न वळवता, सवयीने म्हटलं, "आमच्याकडे वीज जात नाही."

"नक्की?"

"सांगितलं ना एकदा."

पॅनलवाल्याने मान हलवली आणि साधं यंत्र बसवलं. त्या संध्याकाळी टाकीवाल्यांनी हत्यारांची पिशवी दोरीने करकचून बांधून माळ्यावर फेकली. आता कुणाचा नट आवळायचा नाही, म्हणाले. मग अंथरुणावर पडल्यावर पॅनलवाल्याचं बोलणं त्यांच्या कानात शब्द न् शब्द परत आलं आणि ते अंधारात उठून बसले.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. पण मुलगी इतकी खुशीत होती, आईला गच्चीवर नेऊन निळी पॅनल दाखवत होती, "आता वीज गेली तरी बिनघोर" म्हणत होती, की टाकीवाले नुसतीच मान डोलवत राहिले. उद्या सांगू म्हणाले. उद्याचा परवा झाला. माणूस एकदा गप्प बसला की प्रत्येक दिवस त्याच्या तोंडावर आणखी एक कुलूप घालतो, आणि या माणसाला तर कुणापुढे चुकलो म्हणायची सवयच नव्हती.

उन्हाळा वर चढू लागला तशी त्यांची झोप उडाली. पंखा जरा मंदावला की ते दिव्याचं बटण दाबून बघत. कपाटामागे इस्पितळातून दिलेला ऑक्सिजनचा सिलिंडर उभा होता. दिवसातून दहादा ते त्याच्यापाशी जाऊन उभे राहत. बायको विचारी, "काय शोधताय?" ते म्हणत, "काही नाही, चष्मा." चष्मा डोळ्यांवरच असे.

आणि एका रणरणत्या दुपारी यंत्राची घरघर थांबली.

पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. गच्चीवर उन्हाने पॅनल तापून निघत होती आणि पॅनलवाल्याने भिंतीवर बसवलेल्या पेटीत लाल दिवा लागला होता. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ओरडायला तिच्याकडे श्वास नव्हता. टाकीवाल्यांनी सिलिंडर ओढून पलंगापाशी आणला, नळी जोडली आणि वरची झडप फिरवली. ती हलेना. फडकं गुंडाळून फिरवली तरी हलेना. तिच्याबरोबर दिलेली चावी कुठे गेली होती देव जाणे. जन्मभर लोकांचे गंजलेले नट सोडवणाऱ्या माणसाच्या हातात पाना नव्हता. तो माळ्यावर होता, स्वतःच्या रागाने बांधलेल्या पिशवीत.

ते स्टुलावर चढले. गाठ सुटेना. दातांनी ओढली, तरी सुटेना, तेव्हा सगळी पिशवीच खाली ओढली आणि हत्यारं फरशीवर विखुरली. मागे बायकोचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. हात सवयीने तेलाच्या बुधलीकडे गेला आणि तिथेच थांबला. ऑक्सिजनच्या झडपेला तेलाचा थेंब लागता कामा नये, इस्पितळातल्या नर्सने बजावलं होतं. त्यांनी हात शर्टाला खसाखसा पुसले, पाना लावला आणि देवाचं नाव घेऊन हळूच जोर दिला. झडप सुटली. नळीतून सुस्कारा आला.

बायकोचे ओठ परत लाल व्हायला वेळ लागला. तोवर ते जमिनीवर तिचे पाय धरून बसले होते आणि रडत होते, लपवायचा प्रयत्नही न करता.

"पॅनलवाल्याने विचारलं होतं मला," ते म्हणाले. "मीच..."

"ठाऊक आहे." ती थांबत थांबत बोलली. "खालच्या खिडकीतून वर बघत होते मी. ऐकलं सगळं."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुमची टाकी उतरत होती. तुमचं तोंड बघवत नव्हतं मला." तिने श्वास घेतला. "म्हटलं, तेवढा एक शब्द तरी राहू दे यांचा."

सिलिंडरचा काटा खाली सरकत होता आणि टाकीवाले त्याच्यावरून नजर हलवत नव्हते. काटा लाल पट्ट्याला टेकायच्या जरा आधी पंखा फिरला, यंत्र घरघरलं आणि त्यांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी मुलगी आली, चपला काढता काढताच म्हणाली, "आपल्या भागात दुपारी वीज गेली होती म्हणे. ऑफिसातल्या सगळ्यांनी घरी फोन लावले. मी मात्र निवांत होते, म्हटलं आपल्याकडे पॅनल आहेत."

फरशीवर हत्यारं अजून तशीच पडली होती. मुलगी त्यांच्याकडे बघायला लागली. बायकोने तोंड उघडलं. ती काहीतरी सांगून वेळ मारून नेणार हे टाकीवाल्यांनी ओळखलं. त्यांनी हाताने तिला थांबवलं, खिशातून फोन काढला आणि मुलीसमोरच पॅनलवाल्याला लावला.

"मी टाकीवाला बोलतोय," ते म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत. आमच्याकडे वीज जाते."