ओल्ड पासवर्ड?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवली. आता तुम्ही माझी उडवा, पण आधी पूर्ण वाचा.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्युटर सांभाळायचे... युनिक्सचं मशीन. थोरला भाऊ तिथंच ओतकामाला. वितळलेल्या लोखंडाची भली मोठी बादली क्रेनला टांगलेली असायची आणि दादाची जागा तिला लागूनच.

लोखंडाच्या मिश्रणाचं प्रमाण अण्णाप्पा काढायचे. तो प्रोग्राम फक्त त्यांच्याच लॉगिनवर चालायचा. नवरात्राच्या तोंडावर अण्णाप्पा अचानक देवाघरी गेले आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, की दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, यावर अण्णाप्पा फार कडक. टर्मिनललाही स्वतः हळदकुंकू लावायचे. मला हसू यायचं.

त्या खंडेनवमीला मालकांना ऑर्डरची घाई.

"कॉम्प्युटर काय कोयता हाय व्हय? हार काढ आणि प्रमाण दे. भट्टी पेटवायची हाय."

दादाने मला बाजूला घेतलं. "सुमे, क्रेनची साखळी कुरकुरतीया. मालक ऐकत न्हाईत. तू तरी जरा लांबव की!"

मी उलट त्यालाच झापलं. घाबरट कुठला!

मशीनचा सगळा ताबा ज्या लॉगिनकडे असतो, ते रूट. रूटवरून दुसऱ्याचा पासवर्ड बदलताना मशीन जुना विचारतच नाही, थेट नवा मागतं. मी कमांड दिली.

'ओल्ड पासवर्ड?'

मी रूटवरच होते, तपासलं. पुन्हा कमांड... पुन्हा तेच. मशीन बंद करून चालू केलं, तरी तेच. मालक डोक्यावर उभे, पंख्याखाली माझी पाठ घामाने भिजलेली. खरं सांगते, मी घाबरले होते. शेवटी मालकांनी वैतागून भट्टी पुढे ढकलली.

दसऱ्यानंतर, पूजा हलवल्यावर, तीच कमांड दिली. काही न विचारता पासवर्ड बदलला! दादाला सांगायला धावले. तो मला बघून जागेवरून उठून दाराशी आला. मागे रिकामी बादली वर चढत होती — साखळी तुटली. बादली आदळली ती थेट दादाच्या जागेवर. खंडेनवमीला भट्टी पेटली असती, तर ती भरलेली असती आणि दादा तिथंच. त्याचा हात घट्ट धरून मी सगळ्यांदेखत रडले.

नंतर आलेला कॉम्प्युटरचा इंजिनियर म्हणाला, "मॅडम, असं होऊच शकत नाही. तुम्ही रूटवर नसणार."

मी होते.

खंडेनवमीच्या त्या दुपारी मला जुना पासवर्ड कोण विचारत होतं, ते आजही कळलेलं नाही. दादा मात्र घरी नातवंडं खेळवतोय.