वेळेवर आलेली लेक

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात माझ्या शेजारी राहणारी लोर्ना पियानो सुरात लावून द्यायची. हात कुशल, पण वेळेचं भान अजिबात नाही. दर रविवारी वृद्धाश्रमात वडिलांसोबत जेवायचं ठरलेलं असे. ती पोचेपर्यंत ताटं उचललेली असत. वडील, हार्लन, हसून म्हणायचे, "आलीस बाई! सूप संपलं, मी तेवढा उरलोय."

पन्नाशीत डॉक्टरांनी तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, असल्याचं सांगितलं. मग तिने अशा लोकांना रोजची कामं वेळेत करायला शिकवणारी डेनिस नावाची कोच गाठली. डेनिस रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "निघायचं ठरवल्यापासून दार लावेपर्यंत काय काय करतेस?"

"कुंड्यांना पाणी घालते. त्यासाठी झारी शोधते. मग झारीजवळ दुसरंच काही सापडतं..."

दोघीही हसल्या. ठरलं असं की आधी बूट चढवायचे, डेनिसला फोन लावायचा आणि गाडीत बसेपर्यंत तो ठेवायचा नाही.

हे अंगवळणी पडेपर्यंत हिवाळा सरला. तोवर हार्लन बरंच विसरू लागले होते. लोर्ना पहिल्यांदाच सूप वाढायच्या आधी पोचली, तर ते म्हणाले, "बाई, ही खुर्ची माझ्या लेकीची आहे."

"बाबा, मीच लोर्ना."

"छे! ती कुठली एवढ्या लवकर येतेय!"

ती पलीकडच्या खुर्चीत बसून जेवली. घरी आल्यावर माझ्या पायरीवर बसून खूप रडली. "एवढं शिकले ते कुणासाठी गं?"

त्या उन्हाळ्यात हार्लन गेले. तोवर तिला एकाही रविवारी उशीर झाला नाही, आणि ते मात्र शेवटपर्यंत तिची वाट बघत राहिले.