राणीच्या डोक्यावरचे दोन हात

आमच्या गावात नाटकाचे केसांचे टोप बनवावेत तर माझ्या धाकट्या भावानंच. तसा न्हावी पुन्हा होणार नाही, लिहून ठेवा. शिक्षण पाचवी, पण अख्खी नाटकं तोंडपाठ. गिऱ्हाईकाच्या गालाला साबण लावला की हा राजाचं भाषण सुरू करायचा. हातात वस्तरा, मग मध्ये बोलतंय कोण!

त्याला स्टेजवर जायचं होतं. नाटक बसवणारे मास्तर दरवर्षी म्हणायचे, "तू केस बघ रे बाबा."

त्या वर्षी शाळेतल्या गाण्याच्या बाई राणी झाल्या होत्या. आजारपणात त्यांचे सगळे केस गेलेले. टोप भावानंच करून दिला, म्हणून फक्त त्याला ठाऊक. "कुणाला कळलं तर मी गाव सोडीन," असं बाईंनी बजावलेलं. मलाही त्यानं सांगितलं नाही. परवा तो गेला, बाई घरी भेटायला आल्या आणि स्वतःच बोलल्या, म्हणून लिहितोय.

प्रयोगाच्या आधी त्यानं बाईंच्या डोक्यावर नव्यानं उगवू लागलेलं खुरटं साफ केलं आणि टोप डिंकानं चिकटवला. पण हाताची सवय! वस्तरा फिरवला की क्रीम चोळायचं. कोरडं कुणाला उठवलंच नाही त्यानं कधी. इथंही चोळलं. क्रीमवर डिंक कसला धरतोय?

पडद्याची दोरी माझ्याकडे. तेवढी ताकद दुसऱ्या कुणात नव्हती. शेवटचा अंक, हॉल गच्च, राणी सिंहासनावर. विंगेत धाकट्यानं एकदम माझं मनगट आवळलं.

"दादा, पडदा पाड."

"का रे?"

"विचारू नकोस. पाड!"

मास्तर धावत आले. "दोरीला हात लावलास तर याद राख!"

बाई मान ताठ धरून बोलत होत्या, पण आवाज कापत होता. मला वाटलं, घाबरल्या. आता त्यांना वाकून जमिनीवरची तलवार उचलायची होती.

धाकटा घुसला. पांढरा एप्रन, खिशात कंगवा, तसाच दरबारात!

"अरे, हा तर आपला न्हावी!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. बाई पांढऱ्याफटक.

"राणीसाहेब," हा खणखणीत बोलला, "हरलात तरी विस्कटलेल्या केसांनी शत्रूसमोर जाऊ नका." मागे उभा राहिला आणि दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले.

बाई तलवारीसाठी वाकल्या, हाही वाकला. उठल्या, हाही उठला. लोक पोट धरून हसत होते, मास्तर कपाळ बडवत होते. पडदा पडेपर्यंत त्याचे हात हलले नाहीत.

पडद्याआड मास्तरांनी त्याची गचांडी धरली. "माझ्या नाटकाची वाट लावलीस! का आलास? बोल!"

सगळे गोळा झालेले. बाई डोक्यावरून शाल घेऊन तिथंच बसलेल्या. धाकट्यानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हौस, मास्तर. एकदा यायचं होतं."

"परत या हॉलची पायरी चढलास तर बघ!"

चढला नाही, शेवटपर्यंत. पोरं दुकानावरून जाताना "राणीसाहेब, केस!" म्हणून ओरडायची. मी खोदून विचारायचो. "हौस होती रे दादा," एवढंच.

परवा बाई घरी आल्या तेव्हा मास्तरही काठी टेकत आले होते. त्यांच्यादेखत बाईंनी सगळं सांगितलं. मास्तर उठले आणि दारात चप्पल शोधत राहिले. चप्पल पायातच होती.

आणि ते वाक्य नाटकात नव्हतं बरं का. माझ्या भावाचं, स्वतःचं! पुढच्या प्रयोगांत मास्तरांनी ते दासीच्या तोंडी घातलं. दर वेळी टाळ्या पडल्या. दोरी माझ्याच हातात होती, मी ऐकल्यात.